महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचे का? सातारा-सांगलीत राहून कसं ठरवाल

सोनी, बोस, सेनहायझर यांचे वरच्या वर्गातले वायरलेस नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंचवीस ते चाळीस हजारांच्या घरात जातात. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सची छापील किंमत तर २०२४ साली ५९,९०० रुपये होती. एवढ्या पैशांत घरात फ्रीज येतो. त्यामुळे कंपनी, रंग, बॅटरी हे सगळं नंतर बघा. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: तुम्हाला त्रास नेमका कोणत्या आवाजाचा होतो?

कारण हे हेडफोन घरघर घालवतात, माणसांचं बोलणं घालवत नाहीत. घेतल्यावर पस्तावणारे बरेचसे लोक इथेच फसलेले असतात. अभ्यासिकेतली कुजबुज बंद व्हावी म्हणून तीस हजार मोजतात आणि पंख्याची घरघर गेल्यावर तीच कुजबुज आणखी स्वच्छ ऐकू येते.

हे यंत्र करतं काय

कान झाकणाऱ्या वाटीच्या, म्हणजे इअरकपच्या बाहेर बारीक माइक असतात आणि आत, कानाजवळही एक असतो. बाहेरचा माइक येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलट लहर तयार करते आणि स्पीकर ती सोडतो. चढ आणि उतार एकमेकांत मिसळले की दोन्ही विरतात. आतला माइक उरलेलं काय ते ऐकून दुरुस्ती करत राहतो.

सगळा खेळ वेळेचा आहे. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या खोल घरघरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं. चिपला हिशेब करायला भरपूर सवड मिळते. ४,००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाचं आवर्तन पाव मिलिसेकंदात संपतं. तिथे जरासा उशीर झाला तर आवाज विरण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर कंपन्या हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे फारसं ठेवत नाहीत. तिथे कानाभोवतीची गादी आवाज अडवते, जशी जाड रजई अडवेल तशी. माणसाच्या बोलण्यातली शब्द ओळखू येणारी व्यंजनं नेमकी १,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये असतात. त्यामुळे बोलणं पातळ होतं, दूर गेल्यासारखं वाटतं, पण शब्द पोहोचतात.

या तंत्राचं पेटंट जर्मनीच्या पॉल लुएग यांना अमेरिकेत १९३६ साली मिळालं होतं. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजाने हैराण झालेल्या बोस कंपनीच्या संस्थापक अमर बोस यांनी त्यावर काम सुरू केलं. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आला आणि २००० साली सामान्य प्रवाशांसाठी पहिलं क्वाएट कम्फर्ट मॉडेल. विमानाच्या सलग घरघरीसाठी जन्मलेली ही वस्तू आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

सात दिवस वही लिहा

खरेदीचा विचार आला की आधी आठवडाभर एक वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहायच्या: कुठे होतो, कोणता आवाज खटकला, तो सलग होता की तुटक, आणि किती मिनिटं चालला. मोबाइलवरचं डेसिबल ॲप वापरलंत तरी आकडा अंदाजे धरा. फोनागणिक माइक वेगळा असतो.

आठवड्याने वहीतल्या आवाजांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग सलग घरघरीचा. साताऱ्याहून स्वारगेटला जाणाऱ्या एसटीचं डिझेल इंजिन, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या एसी डब्यातला ब्लोअर आणि रुळांची घरघर, उन्हाळ्यातला कूलर, छताचा पंखा, खालच्या मजल्यावरची पिठाची गिरणी, शेजारच्या बोअरची मोटर, वाढे फाट्याजवळ घर असेल तर महामार्गाची अखंड गाज. इथे चांगले हेडफोन पैसे वसूल करतात. बटण दाबल्याबरोबर फरक कळतो.

दुसरा ढीग अर्धवट कमी होणाऱ्या आवाजांचा. अभ्यासिकेतलं बोलणं, शेजारचा टीव्ही, ऑफिसातल्या गप्पा. सांगली-इस्लामपूर (आता ईश्वरपूर) पट्ट्यात ऊस हंगामात रात्रभर गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर यातच येतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा धडधडाट बराचसा जातो, पण गाण्यातला गायक आणि कर्कश वरचे सूर राहतात. वर हलकं संगीत लावलं तर हा ढीग झाकला जातो. पण शांततेत वाचायचं असेल तर नुसत्या नॉइज कॅन्सलिंगने भागत नाही.

तिसरा ढीग अचानक आणि तीक्ष्ण आवाजांचा: हॉर्न, कुकरची शिट्टी, फटाके, कुत्र्याचं भुंकणं, तान्ह्या बाळाचं रडणं, फरशीवर पडलेलं स्टीलचं भांडं. इथे जो काही फायदा होतो तो गादीचा. तो कान झाकणाऱ्या बिनबॅटरीच्या साध्या इअरमफनेही होतो.

डीजेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विसर्जनाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. डीजेचा बास खोल असतो, म्हणजे तत्त्वतः पहिल्या ढिगातला. पण त्याचा दाब इतका प्रचंड असतो की हेडफोनच्या छोट्या स्पीकरला तेवढी उलट लहर काढता येत नाही. माइक भरून जातो आणि कानात फटफट, चरचर ऐकू येते. शिवाय तो बास छातीतून आणि हाडांतूनही जाणवतो, त्याला कानावरचं झाकण पुरत नाही. मिरवणूक घराशेजारून जात असेल तर कानात फोमचे बोळे आणि त्यावर इअरमफ हा उपाय चालतो. शक्य असेल तर तेवढा वेळ लांबच्या खोलीत जाणं त्याहून बरं.

पैसे खर्चण्याआधी तीस रुपयांचा प्रयोग

औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात फोमचे इअरप्लग वीस ते पन्नास रुपयांत जोडी मिळतात. पाच दिवस तेच वापरून बघा. घालण्याची पद्धत महत्त्वाची आहे, कारण बहुतेक लोक ते वरवर खुपसतात आणि मग काही उपयोग नाही म्हणतात. स्वच्छ, कोरड्या बोटांनी बोळा काडीसारखा बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो.

नीट बसलेला फोम बोलणं आणि शिट्ट्या बऱ्याच महागड्या हेडफोनपेक्षा चांगल्या अडवतो. ज्याला फक्त अभ्यास किंवा झोप हवी आहे, गाणी आणि कॉल नको आहेत, त्याचा शोध इथेच संपू शकतो. कानातून पाणी किंवा पू येत असेल, पडद्याला भोक असेल किंवा सतत शिट्टी वाजत असेल तर मात्र बोळे नको, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आवाज मुळातच कमी होतो का, तेही या आठवड्यात पाहा. कूलरच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले की जमिनीतून येणारा थरथराट कमी होतो. खिडकीच्या फटीत फोमची पट्टी लावली की रस्त्याचा वरचा आवाज घटतो. पंख्याची कुरकुर बहुधा बेअरिंगची असते, ते दोन-तीनशे रुपयांचं काम.

तासाला किती पडतात

आता वहीतले पहिल्या ढिगाचे तास मोजा. तीस हजारांचे हेडफोन चार वर्षं वापरले आणि मध्ये एकदा तीन हजारांच्या गाद्या बदलल्या तर खर्च ३३,००० रुपये. आठवड्याला १२ तास वापर असेल तर चार वर्षांत २,४९६ तास होतात, म्हणजे तासाला साधारण १३ रुपये. आठवड्याला दोनच तास असतील तर ४१६ तास, तासाला ७९ रुपये. त्याच दोन तासांसाठी दहा हजारांचे हेडफोन घेऊन तीन वर्षं वापरले तर तासाला ३२ रुपये पडतात.

आमचं मत स्पष्ट आहे. सलग घरघरीचे तास आठवड्याला पाचपेक्षा कमी असतील तर वरच्या वर्गात जाऊ नका. दहा हजारांच्या आसपासचे हेडफोन आज पुरेसे चांगले आहेत. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे आणि नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३५ तास चालतो असं कंपनी सांगते. वरच्या वर्गात जादा पैसे जातात ते घरघर आणखी खोलवर कापण्यासाठी, चांगल्या गाद्यांसाठी, एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप नीट सांभाळण्यासाठी आणि आवाजातल्या बारकाव्यांसाठी. हे चारही रोज लागत असतील तरच त्यांची किंमत द्या.

एक फायदा मात्र तासांच्या हिशेबात धरलाच पाहिजे, तो म्हणजे कानांचा. एसटीत इंजिनावर मात करण्यासाठी लोक साध्या इअरफोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. घरघर गेली की तेच गाणं कमी आवाजात ऐकता येतं. रोज अप-डाऊन करणाऱ्याने हा मुद्दा सगळ्यांत वर ठेवावा.

खोक्यावरचं एक अक्षर

दुकानात दीड-दोन हजारांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ईएनसी छापलेलं असतं. ते एएनसी नव्हे. ईएनसी म्हणजे कॉलवर तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट कमी करणं, म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानातला आवाज कमी करणारं ते एएनसी. विक्रेताही हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगतो, त्यामुळे खोक्यावर स्वतः वाचा.

डोकं, चष्मा, कुड्या आणि घाम

नॉइज कॅन्सलिंगचा निम्मा परिणाम गादी कानाभोवती किती घट्ट बसते त्यावर असतो. गादीखाली काडीएवढी फट राहिली तरी खोल आवाज आत गळतो आणि बास पोकळ लागतो. चष्म्याची दांडी ही सगळ्यांत नेहमीची फट. दांडी पातळ असेल तर चालून जातं, जाड प्लास्टिकची असेल तर दोन तासांनी कानामागे दुखतंही. कुड्या, वेल, बुगडी गादीखाली दबतात, त्या घालून तपासल्याशिवाय ठरवू नका. केस मोकळे असतील तर कानामागे घेऊन बसवा.

सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात कानाभोवती रेक्झिनसारखी गादी तास-दीड तास ठेवली की घाम येतोच. साताऱ्यात, पाचगणीकडे हा त्रास बराच कमी. ज्यांना घाम जास्त येतो त्यांनी नॉइज कॅन्सलिंग इअरबडचा विचार करावा. ते वरच्या किमतीतही मोठ्या हेडफोनपेक्षा स्वस्त पडतात, हेल्मेटच्या डब्यात मावतात, मात्र बॅटरी सहा-आठ तासांची असते आणि कानाच्या आत घालायचे असल्याने प्रत्येकाला सोसत नाहीत.

वजनही बघा. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा, सेनहायझर मोमेंटम ४ सुमारे २९३ आणि एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. कागदावर फरक किरकोळ वाटतो, तिसऱ्या तासाला मानेला कळतो. प्रवासाची बॅग लहान असेल तर घडी होते का हेही विचारा. सोनीच्या याच मालिकेतल्या एक्सएम४ ची घडी होत होती, एक्सएम५ ची होत नाही, एक्सएम६ मध्ये ती परत आली.

दुकानातला अर्धा तास

सातारा-सांगलीतल्या प्रत्येक दुकानात उघडा डेमो पीस असेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. नसेल तर पुण्या-कोल्हापूरच्या पुढच्या खेपेत अर्धा तास राखून ठेवा. न घालता मागवू नका. दुकानात सकाळी, गर्दी नसताना जा आणि या क्रमाने तपासा.

आधी संगीत न लावता घाला. एएनसी बंद, मग चालू. एसीची आणि पंख्याची घरघर किती जाते ते ऐका. कानात दाब बसल्यासारखं होतं का ते बघा. काहींना घाट चढताना होतं तसं वाटतं. दहा मिनिटांत ओसरलं तर ठीक, डोकं जड झालं तर दुसरं मॉडेल. मग चष्मा लावून हीच तपासणी. जबडा हलवा, जांभई द्या, मान खाली घाला. प्रत्येक वेळी घरघर आत डोकावत असेल तर गादी तुमच्या चेहऱ्याला बसत नाही.

मग तंबोरा लावा. आवाज पारखायला याच्याइतकं प्रामाणिक साधन आपल्याकडे दुसरं नाही, आणि २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले तंबोरे ज्या मिरजेत बनतात तिथल्या माणसाला तर ते समजावून सांगायलाही नको. फोनमध्ये तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण आधीच उतरवून ठेवा. आवाज एक तृतीयांशावर ठेवून एकेका तारेकडे कान द्या. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा छेडल्यावर जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणारा तो बारीक झंकार उमलत वर जायला हवा, नुसती बधिर गुणगुण नको. मग खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार. खर्जाच्या तारेतून काही क्षणांनी स्वयंभू गंधार तरळतो. तो तसा वेगळा कुणी छेडलेला नसतो, मूळ स्वराच्या पाचव्या स्वरांशातून, म्हणजे पाचपट कंपनांच्या सुरातून उमटतो. तो गंधार कमी आवाजात ऐकू आला तर हेडफोन चांगला. आता एएनसी बंद-चालू करा. चालू केल्यावर गंधार बुडून खर्जच फुगत असेल तर ते मॉडेल एएनसी लावताना सूर बदलतं. शेवटी ध्वनिमुद्रण थांबवा आणि नुसत्या एएनसीत बारीक सूं-सूं येते का ऐका. थोडी बहुतेकांत असते, शांत खोलीत खटकण्याइतकी नसावी.

मग दुकानाच्या दारात, रस्त्याच्या कडेला उभं राहून घरी कॉल लावा आणि पलीकडच्या माणसाला विचारा, माझा आवाज कसा येतो. गाडी जाताना शब्द तुटतात का? तुमचं काम दिवसभर कॉलवरचं असेल तर प्रामाणिक सल्ला असा की तोंडापर्यंत माइकची दांडी येणारा साधा ऑफिस हेडसेट या सगळ्यांपेक्षा स्वच्छ आवाज देतो आणि पाव किमतीत मिळतो.

तपशिलातलं काय वाचायचं, काय सोडायचं

बॅटरीच्या आकड्यांवर फार खल नको. एएनसीसह एक्सएम५ ला कंपनी ३० तास सांगते, बोस क्वाएट कम्फर्ट अल्ट्राच्या पहिल्या पिढीला २४, एअरपॉड्स मॅक्सला २० आणि मोमेंटम ४ ला ६०. सांगली-मुंबई रात्रीच्या प्रवासाला यातलं काहीही पुरतं. त्यापेक्षा चार्जिंग चालू असताना वापरता येतात का ते विचारा, काही मॉडेल तेव्हा बंद राहतात. तार जोडायची सोय आहे का हेही बघा.

एलडॅक हे सोनीचं उच्च दर्जाचं ब्लूटूथ तंत्र सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतं, पण आयफोनवर ते चालत नाही. आयफोनवाल्याने त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. यूट्यूबवरच गाणी ऐकणाऱ्यालाही फरक जाणवणार नाही. कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तबल्यावर रियाज करायचा असेल तर ब्लूटूथ आवाज मागे पडतो, बोट पडल्यावर सूर उशिरा येतो. तिथे तारच लावा.

घरून काम करणाऱ्यांना हमखास अडवणारी एक गोष्ट: लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज अचानक जुन्या लँडलाइनसारखा चपटा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की तो बोलण्याच्या कमी दर्जाच्या पद्धतीवर जातो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडा, आवाज परत भरदार होतो.

खरेदी

नवं मॉडेल आलं की आधीचं मॉडेल खाली येतं. नॉइज कॅन्सलिंगमध्ये एका पिढीचा फरक रोजच्या वापरात थोडाच जाणवतो, म्हणून दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये एक पिढी जुनं घेणं हा बहुतेकांसाठी शहाणा सौदा. व्यवसाय असेल आणि वापर त्यासाठीच असेल तर जीएसटी क्रमांकासह बिल घ्या. २९,९९० रुपयांत १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ४,५७५ रुपये कर असतो, त्याचं क्रेडिट मिळेल का ते हिशेब बघणाऱ्याला विचारा.

बनावट माल या वर्गात भरपूर आहे आणि तो दिसायला हुबेहूब असतो. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हवा. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. कंपनीच्या अधिकृत ॲपला हेडफोन जोडून बघा, नक्कल तिथे बहुधा अडकते. तीस हजारांची वस्तू कुणी बिलाशिवाय अठरा हजारांना देत असेल तर घेऊ नका. परदेशातून आणलेल्या मालाची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही.

वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. पैसे देण्याआधी विचारा की दुरुस्तीला माल कुठे जातो: इथेच घेतात, कोल्हापूर-पुण्याला न्यावा लागतो की कुरिअर घरी येतो. बिल आणि खोका वर्षभर जपा. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोग सातारा व सांगली दोन्हीकडे आहे.

जुने घ्यायचे असतील तर पूर्ण चार्ज करून दोन तास चालवून बॅटरी किती उतरते ते बघा, गाद्या दाबून पाहा, आणि विकणाऱ्याच्या खात्यातून वस्तू सुटली आहे याची त्याच्यासमोर खात्री करा. एअरपॉड्स मॅक्स मूळ मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेला राहिला तर तुम्हाला स्वतःच्या खात्याला जोडता येत नाही.

घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी वही उघडा. पहिल्या ढिगातला प्रत्येक आवाज त्याच जागी, त्याच वेळी तपासा. एसटीत खिडकीजवळ बसून एएनसी लावलं की फडफड ऐकू येते, कारण वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो. तावदान सरकवा, आतल्या बाजूच्या सीटवर बसा किंवा ॲपमधला वाऱ्याचा पर्याय लावा. एसटीच्या सैल तावदानांचा खडखडाट मात्र राहणारच.

कुठे घालू नयेत

दुचाकीवर, रेल्वे फाटकाशी, रस्ता ओलांडताना अजिबात नाही. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्यांनी हे हेडफोन कानांचं संरक्षण म्हणून वापरू नयेत. प्रेस किंवा हातोड्याचा ठोका हे यंत्र गाठू शकत नाही आणि गाद्यांना संरक्षणाचं मानांकन नसतं. तिथे प्रमाणित इअरमफच हवा.

पुढची चार वर्षं

आधी जातात त्या गाद्या. घामातलं मीठ आणि डोक्याचं तेल लागून वरचा थर दीड-दोन वर्षांत सुरकुततो, मग काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. रोज वापरून झाल्यावर कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, आठवड्यातून एकदा किंचित ओलसर कापडाने. सॅनिटायझर आणि स्पिरिट लावू नका, थर लवकर फुटतो. बदलायच्या वेळी मूळ कंपनीच्याच गाद्या घ्या. बाजारात चारशे-पाचशेत मिळणाऱ्या जाड गाद्या मऊ लागतात, पण कानाभोवतीची पोकळी बदलते आणि आतल्या माइकचा हिशेब चुकतो. घरघर आधीपेक्षा जास्त ऐकू येते आणि लोकांना वाटतं चिप गेली. अनेक मॉडेलमध्ये गादी प्लास्टिकच्या खाचांत बसवलेली असते. जुनं एटीएम कार्ड कडेने सरकवून हळूच उचकटा, आतल्या जाळीला बोट लावू नका.

पावसाळ्यात या वर्गातल्या बहुतेक हेडफोनना पाण्यापासून कसलंही मानांकन नसतं हे विसरू नका. भिजले तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, गाद्या काढून पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या ओल्या महिन्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. माइकच्या छिद्रांत पीठ, हळदीची भुकटी किंवा धूळ बसली की एका बाजूने शिट्टी किंवा खरखर सुरू होते. कोरड्या मऊ ब्रशने छिद्र खाली धरून झाडा. फुंकर मारली तर धूळ आत जाते, टाचणी घातली तर जाळी फाटते.

बॅटरी लिथियमची. २० ते ८० टक्क्यांत ठेवली, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली नाही, तर चार वर्षं बरी टिकते. महिनाभर वापरायचे नसतील तर निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर नंतर चार्जच घेत नाही. तीस तासांची बॅटरी बारा-पंधरा तासांवर आली की बदलण्याचा खर्च सेवा केंद्रात विचारा. खर्च नव्या मधल्या वर्गातल्या हेडफोनच्या निम्म्याच्या आत असेल आणि बिजागरी घट्ट असेल तर बदलून घ्या. नाहीतर तार लावून घरी तंबोऱ्यासाठी ते वापरत राहा, बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी नसतानाही तारेवर आवाज येतो.